बाळाचे गाणे कसे वाढते?



बाळाला गाणे एकदम येत नाही. ते हळूहळू येते. कसे, ते सांगतो.

बाळ आईच्या पोटात असतानाच ऐकू लागते. म्हणून जन्मल्यावर त्याला मायचा आवाज ओळखू येतो. झोळीत टाकून अंगाई म्हटली की ते गप्प होते. अंगाईला पेटी-तबला काही लागत नाही.

सहा महिन्यांचे बाळ खुळखुळा वाजला की तिकडे मान वळवते. वळवत नसेल तर ‘मोठं झालं म्हणजे ऐकेल’ असे म्हणून बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कारण ऐकू आले नाही तर बोलायलाही अडचण येते.

वर्षाचे बाळ गाणे ऐकून डुलते, टाळ्या वाजवते. टाळी ठेक्यात पडत नाही, पण घाई करू नये. दोन वर्षांचे मूल ओळीचा शेवटचा शब्द म्हणते. आपण तिथे थांबायचं आणि त्याला म्हणू द्यायचं. तीन ते पाच वर्षांची मुले अंगणवाडीत हातवारे करून बडबडगीते म्हणतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ठेका सांभाळता येतो. आपल्या खानदेशात भाद्रपदात भुलाबाई बसते. मोठ्या मुली पुढे म्हणतात, लहान मुली मागून म्हणतात आणि टिपऱ्या धरतात. अशानेच गाणी पाठ होतात.

पूर्वी बाया पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. मांडीवर बाळ असायचं. त्याला जात्याचा ताल आणि मायचा सूर दोन्ही मिळायचे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी काम करता करता गाणी रचली. त्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. आता गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. पण गाणे कोपऱ्यात जायला नको.

लक्षात ठेवा :

१. बाळाजवळ मोठा भोंगा लावू नये. त्याचे कान नाजूक असतात.

२. डबीत चिंचोके घालून खुळखुळा होतो. पण झाकण पक्के बांधावे. चिंचोका नाकात, घशात अडकतो.

३. कोणाला ‘भसाडा’ म्हणून हसू नये. मग ते मूल गातच नाही.

४. मोबाईलवरचे गाणे बाळाकडे बघून हसत नाही. माय हसते.

म्हणून पालकांनो, आज घरी गेल्यावर बाळाला एक गाणे म्हणा. सूर चुकला तरी बाळ रागावत नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी