गायरान कोणाचे?

गायरान म्हणजे गावची गुरे चारायला राखलेली जमीन. तिचाही सातबारा असतो. पण त्यावर सरकारचे नाव असते, चारणाऱ्याचे नसते. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शेतीच्या मोटारीला पुष्कळदा रात्रीच लाईट असते. माझे मामा बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. विंचूकाट्याचं भ्या वाटतं! दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. यात उन्हापासून वीज करणाऱ्या काचेच्या पाट्या जमिनीवर मांडतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. कोणी स्वतःचे शेत दिले तर त्याला २०२३ च्या नियमाने हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि शेत त्याच्याच नावावर राहते. हे मला बरे वाटते.

पण सरकारी जमीनही घेतात, त्यात गायरान येते. मग कुंपण पडते. माझ्या आजीच्या सात शेळ्या आहेत, शेत नाही. तिने भाडे मागावे, तर सातबाऱ्यावर नाव कुठंय? काही भूमिहीन माणसे गायरान कसून खातात, त्यांचेही तसेच. योजनेतून ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षे मिळतात. त्यातून गावाची कामे होतील, पण शेळ्या काय खातील?

आमच्या ग्रामसभेत आता गायरानाचा विषय आहे. आजी जाणार आहे. तिला सही येत नाही, अंगठा देणार.