मनातलं लिहायची वही

बचतीची, कर्जाची, हजेरीची वही आपण दर महिन्याला लिहितो. आज एका वेगळ्या वहीबद्दल बोलू.

घरातलं माणूस गेलं की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. मग पाहुणे परततात आणि कागदपत्रं सुरू होतात. मृत्यूचा दाखला, बँक, वारसनोंद. प्रत्येक अर्जावर त्या माणसाचं नाव आणि पुढे ‘मयत’. पण ते माणूस कसं होतं, आपल्याला काय वाटतं, हे लिहायला अर्जात जागा नसते. बोलावं तर ‘आता किती दिवस रडणार?’ असं ऐकावं लागतं. वही असं विचारत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्त उदास वाटलं. पण ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. सगळ्यांनाच सारखा उपयोग होतो असं नाही. पण करून बघायला खर्च नाही.

मग लिहायचं कसं? घर शांत असेल तेव्हा पंधरा मिनिटं बसा. शुद्धलेखन बघू नका. सुचत नसेल तर गेलेल्या माणसालाच पत्र लिहा. आज पेरणी झाली, धाकटीची परीक्षा आहे, तुम्ही हवे होतात. राग असेल तर तोही लिहा: कर्जाचं मला का सांगितलं नाही? वही ट्रंकेत ठेवा, नाहीतर पान फाडून चुलीत घाला. ते कुणाला दाखवायचं नाही.

लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा किंवा विश्वासातल्या मुलीला सांगून लिहून घ्या. आपल्या आज्या जात्यावर ओव्यांतून मन मोकळं करतच होत्या.

पहिल्या दिवसांत जबरदस्ती नको. लिहून त्रास वाढतच गेला तर थांबा. झोप, जेवण तुटलं, जगणं नको वाटलं, तर वहीवर भागवू नका. आशाताईंना सांगा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

गटातल्या एखादीच्या घरी असं दुःख झालं असेल, तर पुढच्या बैठकीला तिच्यासाठी एक कोरी वही घेऊन जा. आत काय लिहिलं, ते मात्र विचारू नका.