हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही

उन्हाळ्यात परसातल्या जास्वंदीत, मधुमालतीत बुलबुलांची घरटी दिसू लागली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पिल्लाला माणसाचा हात लागला, आता आई त्याला घेणार नाही." मग पिल्लाची रवानगी खोक्यात, खाली कापूस आणि ड्रॉपरने दूध. हात लागल्याची एवढी धास्ती, आणि उपाय काय, तर ते आणखी हाताळायचं!

आई असं पिल्लू टाकत नाही. पक्ष्यांना वास येतच नाही, असं नव्हे. पण माणसाच्या वासासाठी ते पिल्लावर पाणी सोडत नाहीत. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्समध्ये १९४७पासून ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याचा अभ्यास चालू आहे. अभ्यासक पिल्लं हातात घेतात, पायात कडी घालतात आणि परत घरट्यात ठेवतात. हात लागताच आया पळाल्या असत्या, तर तो अभ्यास पहिल्याच हंगामात आटोपला असता.

पक्षी घरटी सोडतात हे मात्र खरं. बांधकाम चालू असताना किंवा नुकती अंडी घातलेली असताना कुणी सारखं डोकावलं, फांदी छाटली, तर जागा धोक्याची ठरते. शिवाय तुम्ही मोबाइल घेऊन कुठे वाकताय, हे कावळा बघत असतो. तेव्हा लांबूनच बघा.

खाली पडलेलं पिल्लू उघडं, बिनपिसांचं असेल तर सरळ उचलून घरट्यात ठेवा. अंगावर पिसं, आखूड शेपूट आणि टुणटुण उड्या, असं असेल तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालंय. उडता येण्याआधीच घरटं सोडणं बुलबुलांत नेहमीचं आहे. आईबाप जवळपास असतात, भरवतातही. मांजर फिरत असेल तर पिल्लाला लगतच्या झुडपात ठेवा, घरात नको. दूध पक्ष्यांचं अन्नच नव्हे, आणि चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

बाकीचे समज थोडक्यात. घरटं हे पक्ष्याचं कायमचं घर नाही. पिल्लं उडाली की काम संपलं. दयाळ पहाटे गातो तो आपल्याला खूश करायला नव्हे. बहुतेकदा दुसऱ्या नराला हद्दीबाहेर ठेवायला आणि मादीला बोलवायला. सुगरणीचं घरटं नर विणतो, मादी पारखून घेते. सलीम अलींनी किहीमला सुगरणींचा अभ्यास करून १९३१मध्ये त्यावर लिहिलं, तरी कौतुक अजून मादीच्याच वाट्याला! त्या घरट्यात मातीचे गोळे असतात खरे, पण त्यांवर दिव्यासाठी काजवे चिकटवलेले असतात, ही गोष्टच. आणि शिंजीर नुसत्या मधावर जगत नाही. पिल्लांना तो किडे आणि कोळी भरवतो, त्यामुळे घरट्याशेजारच्या कुंडीवर औषध फवारलंत, तर त्यांचं जेवणच काढून घेतलंत.