क्षयरोगाचें संशोधन आणि गरिबांचें घर

राज्यकारभारांत न्याय असावा, ही गोष्ट कोणी नाकबूल करीत नाहीं. परंतु आरोग्याच्या बाबतींत न्याय कशास म्हणावें, हें केवळ सदिच्छेनें कळत नाहीं; तें मोजून पाहावें लागतें. सरकारजवळ पैसा थोडा आणि रोगी पुष्कळ, अशा वेळीं ज्याचा आवाज मोठा त्याचें ऐकलें जातें व ज्यास आवाजच नाहीं तो मागें राहतो. अशा मागें राहिलेल्यांची बाजू संशोधनामुळें कशी पुढें येते, हें आम्ही क्षयरोगाच्या उदाहरणानें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों.

पूर्वीं क्षयरोग्यास गांवापासून दूर, मोकळ्या हवेंत बांधलेल्या आरोग्यधामांत ठेवीत. मिरजेजवळील वानलेसवाडीचें मिशनचें आरोग्यधाम आपल्याकडे सुप्रसिद्ध होतें. पूर्ण विश्रांति, शुद्ध हवा व सकस अन्न हाच तेव्हांचा मुख्य उपचार. पुढें गुणकारी औषधें निघालीं, तरी तीं आरोग्यधामांत ठेवूनच द्यावींत, असा बहुतेकांचा समज कायम राहिला. आतां खाटा थोड्या आणि रोगी लाखों. त्यांतून एखाद्या मजुरास खाट मिळालीच, तरी तो वर्षभर तिच्यावर पडून राहिल्यास घरची चूल कोणी पेटवावी? शिवाय हा रोग गिरण्यांच्या व दाट वस्तीच्या शहरांचा, खेड्यांत त्याचें भय फारसें नाहीं, असेंही पुष्कळ शहाणे लोक समजत असत.

हा दुसरा समज आधीं खोटा ठरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९५५ ते १९५८ या काळांत देशाच्या निरनिराळ्या भागांत क्षयरोगाची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, रोगाचें प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळ जवळ सारखेंच आहे. देशांतील बहुतेक लोक तर खेड्यांत राहत. तेव्हां बहुतेक रोगीही तेथेंच होते, आणि दवाखाने मात्र शहरांत! खेड्यांतील रोगी कोणी मोजलाच नव्हता, म्हणून तो नाहींसा वाटत होता.

पहिल्या समजाची परीक्षा मद्रास शहरांत झाली. संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनचें वैद्यकीय संशोधन मंडळ यांनीं मिळून १९५६ सालीं तेथें एक केंद्र काढलें; डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते. दोनशेंहून थोडे कमी गरीब रोगी घेऊन त्यांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामांत ठेविला, दुसरा आपापल्या घरीं. कोणास कोठें ठेवावें हें डॉक्टरांनीं आपल्या मर्जीनें ठरविलें नाहीं. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी केली. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. डॉक्टर निवडूं लागले असते, तर अधिक खालावलेला रोगी त्यांनीं दयेनें आरोग्यधामांतच पाठविला असता, आणि मग दोन गटांची तुलना करणें व्यर्थ झालें असतें.

औषधें दोन्ही गटांस तींच, वर्षभर. आरोग्यधामांत अन्न चांगलें, विसांवा भरपूर. घरच्या रोग्यांस दाटीची खोली, निकृष्ट अन्न, आणि कित्येकांस थोडें बरें वाटतांच काम. वर्षाअखेर आरोग्यधामांतील शेंकडा ९२ व घरचे शेंकडा ८६ रोगी जंतुमुक्त आढळले. एवढ्या विषम स्थितींत हा फरक अल्पच म्हणावा लागेल. घरांतील मुलाबाळांस रोग लागेल हें मोठें भय होतें. परंतु पुढें पांच वर्षें कुटुंबांवर लक्ष ठेवूनही, रोगी घरीं राहिल्यामुळें तो धोका वाढल्याचें दिसलें नाहीं. पहिल्या वर्षाचा वृत्तांत १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि खाट मिळाली नाहीं म्हणून उपचारही नाहीं, असें म्हणण्यास आधार उरला नाहीं.

त्याच वर्षीं बंगलोरास राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या वतीनें डॉ. बॅनर्जी व अँडरसन यांनीं तुमकूर जिल्ह्यांत रोग्यांच्या घरीं जाऊन विचारपूस केली. खेडवळ लोक अज्ञानामुळें दवाखान्यांत येत नाहींत, ही शहरी माणसाची नेहमींची तक्रार. प्रत्यक्षांत थुंकींत जंतु सांपडलेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यांत जाऊन आले होते, आणि बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते! दोष कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें. १९६२ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत थुंकीची तपासणी व औषधें सामान्य दवाखान्यांतूनच देण्याचें धोरण ठेविलें, तें अशाच शोधांच्या आधारावर. (आजही दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास पालकांनीं केवळ बाटलीवर समाधान न मानतां सरकारी दवाखान्यांत थुंकीची तपासणी मागावी, ती फुकट होते.)

मात्र संशोधन, विचारलेल्या प्रश्नापुरतेंच उत्तर देतें. निकृष्ट अन्नावरही औषध गुण देतें, एवढें मद्रासेंत सिद्ध झालें. त्यावरून अन्नाचें महत्त्व नाहीं असें मानणें सोयीचें होतें, आणि पुढें पुष्कळ वर्षें अन्नाकडे दुर्लक्षच झालें, असें आम्हांस वाटतें. उपासमारीमुळें घरांतील इतरांस रोग जडतो काय, हा प्रश्न निराळा होता. तो २०१९ ते २०२२ या काळांत झारखंडाच्या चार जिल्ह्यांत तपासला गेला. २,८०० रोग्यांच्या कुटुंबांतील दहा हजारांवर माणसें त्यांत होतीं. रोग्यांस सर्वत्रच अन्न दिलें. परंतु कांहीं कुटुंबांत घरांतील इतर सर्वांसही दरमहा तांदूळ, डाळ वगैरे शिधा दिला. अशा कुटुंबांत नवे रोगी शेंकडा ३९ नीं कमी निघाले. कोणतीही नवी लस नाहीं, नवें औषध नाहीं, पोटभर जेवण.

हा निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. रोग्यास अन्नासाठीं २०१८ पासून सरकार दरमहा ५०० रुपये देत होतें. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. हें चांगलेंच झालें. परंतु झारखंडांत घरांतील प्रत्येकास शिधा मिळाला होता, आणि हे हजार रुपये एकट्या रोग्याच्या नांवें येतात. कुटुंबांतील इतरांस अन्नाची टोपली देण्याची सोय २०२४ मध्यें जाहीर झाली, ती मात्र स्वेच्छेनें पुढें येणाऱ्या दात्यांच्या हातून.