आपत्कालीन रुग्णांतील हृदयाच्या रक्तक्षेपणाचे बाह्य मापन

प्रस्तावना :
विंचूदंश, सर्पदंश, फवारणीतील विषबाधा, अपघातातील रक्तस्राव अशा कारणांनी अत्यवस्थ झालेला रुग्ण दिग्रससारख्या तालुक्याच्या ठिकाणी दाखल होतो, तेव्हा प्रथम नाडी व रक्तदाब यांची नोंद होते. सलाईन द्यावे की थांबवावे, रुग्णास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तत्काळ हलवावे की आधी स्थिर करावे, हे निर्णय बहुधा याच नोंदींवर घ्यावे लागतात. परंतु रक्तदाब समाधानकारक असूनही हृदयाचे कार्य ढासळत असू शकते. म्हणूनच, शरीरात नळी न घालता हृदयाचे रक्तक्षेपण मोजण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या प्रमाणास ‘कार्डियाक आउटपुट’ म्हणतात. एका ठोक्यास ७० मिलिलिटर रक्त व मिनिटास ७० ठोके धरल्यास ते ४.९ लिटर होते. रक्तदाब हा या प्रमाणावर व रक्तवाहिन्यांच्या विरोधावर अवलंबून असतो. रक्तक्षेपण घटले, की वाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे काही काळ दाब टिकून राहतो, मात्र अवयवांना पुरेसे रक्त मिळत नाही.

महाड येथील कार्य :
लाल विंचवाच्या दंशात हा भेद ठळकपणे दिसतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय या लक्षणांपाठोपाठ रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो व फुप्फुसांत पाणी साचू शकते. दंशाची पूर्वलक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनच्या वापराने पुढे अनेक रुग्णांचे प्राण वाचले. महागडी उपकरणे नसतानाही, बारकाईने केलेले निरीक्षण हेच येथे मापनाचे साधन ठरले.

मापनपद्धती :
१९७० मध्ये स्वान व गँझ यांनी फुप्फुसधमनीत घालावयाची नळी प्रचारात आणली. तिने मापन शक्य झाले, तरी जंतुसंसर्ग, रक्तस्राव व हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा धोका राहिला. बाह्य पद्धतींत पुढील तीन उल्लेखनीय आहेत.

१) विद्युत्-अवरोध पद्धती : छातीतून अल्प, निरुपद्रवी विद्युत्प्रवाह सोडतात. रक्त हे सुवाहक असल्याने प्रत्येक ठोक्यागणिक अवरोध बदलतो. त्या बदलावरून रक्तक्षेपणाचा अंदाज बांधता येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या तत्त्वावरील देशी उपकरण विकसित केले आहे.

२) डॉप्लर पद्धती : हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या मार्गाचा व्यास व तेथील रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजतात. व्यास २ सेंटिमीटर व एका ठोक्यातील प्रवाहाचे अंतर २० सेंटिमीटर असल्यास, एका ठोक्याचे रक्त सुमारे ६३ मिलिलिटर येते.

३) पाय उचलण्याची चाचणी : निजलेल्या रुग्णाचे पाय ४५ अंशांत उचलल्यास पायांतील रक्त हृदयाकडे येते. मिनिटभरात ठोक्याचे रक्त १० टक्क्यांहून अधिक वाढल्यास सलाईन उपयुक्त ठरण्याची शक्यता असते. वाढ न झाल्यास ते अपायकारकही होऊ शकते.

मर्यादा :
फुप्फुसांत पाणी साचले असता विद्युत्-अवरोधाचे मापन अविश्वसनीय होते; म्हणजे विंचूदंशाच्या गंभीर अवस्थेत, जेथे मापनाची गरज सर्वाधिक, तेथेच ही पद्धती दुबळी पडते. डॉप्लरला कुशल हात हवा. अनियमित ठोके असल्यास सर्वच पद्धतींत अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते.

निष्कर्ष :
एका आकड्यापेक्षा उपचारानंतर तो कोणत्या दिशेने बदलतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. बाह्य मापन पुन्हापुन्हा करता येते, हाच त्याचा मोठा लाभ होय. उपकरण उपलब्ध नसल्यास हातापायांचा थंडपणा, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परतण्यास लागणारा वेळ, लघवीचे प्रमाण व रुग्णाची शुद्ध यांची ठरावीक अंतराने नोंद ठेवणे आवश्यक आहे. रुग्णास पुढे हलविताना या नोंदी सोबत गेल्यास पुढील उपचारास निश्चित दिशा मिळू शकते.