निदानाची वाट न पाहता

२००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत मेंदूज्वराची साथ आली. ६६ जण आजारी पडले, त्यांतले ४५ दगावले. निपाह विषाणू दोनच वर्षांपूर्वी मलेशियात सापडला होता, पण इथे त्याची शंका वेळेत आली नाही. राखून ठेवलेले नमुने पुढे तपासले तेव्हा कारण उमगले. यातली अधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. बहुतेकांना लागण इस्पितळातून झाली होती. रुग्णांची शुश्रूषा करणारेच अंथरुणाला खिळत होते, आणि ते दिसायला प्रयोगशाळा लागत नव्हती. रुग्ण वेगळा ठेवणे, मास्क आणि हातमोजे वापरणे, आजारी पडलेल्यांच्या संपर्कातली माणसे शोधणे, यांतल्या कशालाच विषाणूचे नाव लागत नाही. म्हणून साथरोगांच्या सर्वेक्षणाची खरी कसोटी निदानाआधीच्या दिवसांत असते, असे मी मानतो.

केरळमधल्या २०१८च्या साथीने हेच दाखवले. कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्राजवळचा पहिला रुग्ण मे महिन्याच्या सुरुवातीला निदानाविनाच दगावला. त्याचा भाऊ तशाच लक्षणांनी खासगी इस्पितळात आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही आजार एकत्र मांडून पाहिले: एकच घर, तीच लक्षणे, अवघ्या काही दिवसांचे अंतर. नमुने मणिपालला गेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने निपाहवर शिक्कामोर्तब केले. पहिल्या संशयित रुग्णासह १९ जणांना लागण झाली, १७ गेले. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुदुश्शेरी त्यांत होत्या. मग लवकर ओळखून काय साधले, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेक लागण निदानापूर्वीच होऊन गेली होती. पण त्या रुग्णांपासून पुढे जी लाट उठली असती ती उठली नाही. दोन हजारांहून अधिक संपर्कातल्या लोकांवर नजर ठेवली गेली. पुढच्याच वर्षी एर्नाकुलममध्ये एक तरुण निपाहने आजारी पडला. तो वाचला आणि दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही.

आपल्याकडे ही चौकट आहेच. २००४पासूनच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेविका नुसती लक्षणे कळवते, डॉक्टर संभाव्य निदान आणि प्रयोगशाळा पक्के निदान. त्यातली पहिली खबर मला सर्वांत मोलाची वाटते, आणि वरच्या कचेरीत नेमकी तीच सर्वांत कमी वाचली जाईल अशी भीतीही वाटते. यावर आक्षेप असा, की पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, प्रत्येकामागे धावायचे कसे? प्रत्येकामागे धावायचे नाहीच. एकाच घरात दोन मृत्यू, रुग्णाच्याच वॉर्डातली परिचारिका आजारी, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा ताप, अशा मोजक्या खुणांवर फोन उचलायचा. त्यांतले बरेच इशारे फोल ठरतील, आणि त्याबद्दल कुणाला बोल लागता कामा नये. दुसरा आक्षेप घबराटीचा, आणि तो घेणारे १९९४च्या सुरतेचे उदाहरण देतात: प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून गेले. पण अशा वेळी माणसांना पळवते ती बहुतांशी अपुरी, उशिरा आलेली माहिती. त्याउलट केरळात आरोग्यखाते रोज आकडे सांगत राहिले. आता सर्वाधिक निकड आहे ती खासगी दवाखाने यात जोडून घेण्याची, कारण असंख्य रुग्ण आधी तिथेच जातात. त्या डॉक्टरांना कळवण्याची सोपी सोय हवी, आणि पाठवलेल्या नमुन्याचे काय झाले हे त्यांना आठवडाभरात सांगणारा माणूसही हवा.