बदलापूरहून नॅशनल पार्कात माउंटन बाइक: अवघड राइड आखताना आधी काय बघायचं?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून सायकल काढली आणि उल्हास नदीचा पूल ओलांडला की बारवी धरणाचा रस्ता लागतो. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत इमारती मागे पडतात, झाडी आणि आदिवासी पाडे सुरू होतात. नवी माउंटन बाइक घेतलेल्याची पहिली मोठी राइड साहजिकच इकडे होते. मग दोन-तीन महिन्यांत बारवी पुरेनासं होतं. दगडधोंड्यांतून सायकल उतरवणारी रील्स बघून ग्रुपवर मेसेज पडतो, "नेक्स्ट संडे नॅशनल पार्क करू या का?"

कोणीतरी ॲपवरून रूटची फाइल पाठवतं, चार जण अंगठा दाखवतात आणि प्लॅन ठरतो. पण जंगलातून गेलेली ती निळी रेघ फक्त एवढंच सांगते की कोणीतरी कधीतरी तिथून गेलं होतं. त्याच्याकडे परवानगी होती का, तेव्हा पाऊस होता का, त्याने किती पाणी नेलं होतं, यातलं काहीच ती सांगत नाही.

राष्ट्रीय उद्यानात सायकल चालते का?

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. यातली पहिली पाच व्याघ्र प्रकल्पांचा भाग आहेत. तिथे वाघांच्या गाभा क्षेत्रात आपली सायकल घेऊन मनाला येईल तसं फिरण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे बदलापूरकरांसाठी उरतं ते बोरिवली.

नियम येतो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून. कलम २७ सांगतं की अभयारण्यात कोण शिरू शकतं, कलम २८ परवाना कशासाठी मिळतो ते सांगतं. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन ही कारणं त्यात आहेत. हीच कलमं राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला मात्र सूट आहे. म्हणून जंगलातून जाणाऱ्या हायवेवर सायकल चालवली तर कोणी अडवत नाही, पण तीच सायकल पन्नास मीटर आत पायवाटेवर घातली की तो विनापरवाना प्रवेश ठरू शकतो. बारवीच्या रस्त्यालगतची झाडी राष्ट्रीय उद्यान नाही, हे खरं. पण राखीव वनात घुसखोरी करणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसारही गुन्हाच आहे.

बोरिवलीचं उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे. तिकीट काढून मुख्य गेटमधून आत गेलं की कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, शेवटी चढ आहे. सायकलवाल्यांचा रस्ता हाच. सोमवारी उद्यान बंद असतं. शिळोंड्यासारख्या आतल्या पायवाटा वनविभागाच्या परवानगीने, मार्गदर्शकासोबत आणि पायी करायच्या असतात. थोडक्यात, रीलमध्ये दिसते तशी राइड बोरिवलीच्या गेटमधून मिळत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांचा मूड जातो, पण गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

परदेशात तरी मोकळं रान असतं का? अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क आहे. तिथला व्हाइट रिम हा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता माउंटन बाइकवाल्यांच्या स्वप्नातला. तिथेही एका दिवसात करा किंवा मुक्काम करत, परवाना लागतोच. सायकल त्या रस्त्यावरच ठेवायची, पायवाटांवर न्यायची नाही. पूर्ण वाटेवर पिण्याचं पाणी नाही, त्यामुळे लोक साधारण तीन-चार दिवसांचा बेत करतात आणि पाणी वाहायला सोबत जीप नेतात. जगातल्या गाजलेल्या राइडचं नियोजनसुद्धा परवाना आणि पाणी या दोन गोष्टींपासून सुरू होतं.

मग अवघड राइड कुठे?

नियमात बसणारा आणि खरोखर दम काढणारा पर्याय हेंद्रेपाड्यापासून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. बारवी, मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट. एका बाजूने साधारण ७५ ते ८० किलोमीटर. मुरबाडपासून पुढे राष्ट्रीय महामार्ग ६१ लागतो, म्हणजे प्रवेशाचा प्रश्न नाही. शेजारी सह्याद्रीचे कडे तेच, फक्त चाकाखाली डांबर.

या राइडमध्ये लोक फसतात ते किलोमीटर मोजून. मोजायची असते उंची. घाटाचा पायथा ते माथा चढाई सुमारे ६०० मीटर धरू. ६५ किलोचा माणूस आणि बाटल्या-बॅगेसह १५ किलोची सायकल, म्हणजे ८० किलो वजन ६०० मीटर वर न्यायचं. त्याला सुमारे ४,७०,००० ज्यूल ऊर्जा लागते. नवखा सायकलस्वार बराच वेळ टिकवू शकतो ती ताकद साधारण १२० वॉट. भागाकार केला की उत्तर येतं ६५ मिनिटं. वारा, टायरचं घर्षण आणि दम खायला थांबणं धरलं तर दीड तास. शिवाय शरीर खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे नुसत्या या चढाला साडेचारशेच्या आसपास कॅलरी जातात. सकाळी फक्त चहा-बिस्किटावर निघालेला माणूस टोकावड्याच्या पुढे का बसतो, त्याचं गणित हे.

त्यात जाड गोट्यांचे टायर डांबरावर ओढतात. अशा राइडला हवा थोडी जास्त ठेवावी, कच्च्या रस्त्यावर कमी करावी. आणि वेग धरताना डांबरावर ताशी १६-१८, कच्च्या चढावर ८-१० एवढाच धरावा. ॲपवर दिसणारा दुसऱ्याचा वेग आपला नसतो.

पाणी, ऊन, पाऊस

मार्च ते मे बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, म्हणजे सहा तासांच्या राइडला तीन-चार लिटर. सायकलच्या दोन बाटल्यांत दीड लिटरसुद्धा मावत नाही. त्यामुळे पाणी कुठे भरायचं ती गावं आधी ठरवावी लागतात, आणि सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस.

पावसाळ्यात सगळ्यांनाच घाट हवा असतो आणि घाट तेव्हाच सगळ्यात वाईट असतो. माळशेजला दरडी येतात. बेसाल्टवरचं शेवाळ ब्रेकला दाद देत नाही. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतं, ते निघण्याआधी तपासावेत. पाणी किती लवकर चढतं हे बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि एक हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले होते. जिथे रेल्वे थांबते तिथे सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणं ही हिंमत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात शहाण्यांचा हंगाम.

बिबट्या दिसला तर?

बोरिवलीत बिबटे आहेत आणि बारवीच्या पट्ट्यालाही ते नवे नाहीत. पायी चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला आधी लागते. सायकल मात्र आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे वळणावर दोघंही दचकतात. म्हणून झुंजुमुंजू आणि संध्याकाळी झाडीच्या रस्त्यावर एकट्याने जाऊ नये, कानात इअरफोन नको, आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. समोर आलाच तर वाकू नये, पळू नये. सायकल मध्ये धरून सरळ उभं राहावं, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावं. फोटोसाठी जवळ जाणं तर नकोच.

बॅगेत आणि घरी काय ठेवायचं?

एक ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेन तोडायचं हत्यार आणि डिरेलरचा हँगर. शेवटची वस्तू कोणी नेत नाही आणि सायकल दगडावर आडवी पडली की नेमकी तीच वाकते. मुरबाडच्या पुढे तुमच्या मॉडेलचा हँगर मिळेल या भरवशावर राहू नये. उतरताना ब्रेक सतत दाबून धरले तर तापतात, मधूनमधून सोडावेत.

फोनमध्ये नकाशा ऑफलाइन हवा, कारण घाटात रेंज जाते. ११२ आणि १०८ सगळ्यांना माहीत असतात. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, तीही सेव्ह करावी.

घरच्यांना फक्त "माळशेजला जातोय" सांगून भागत नाही. कुठून जाणार, पाण्याला कुठे थांबणार, किती वाजता काही झालं तरी मागे फिरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावावं. मागे फिरायची वेळ सकाळी साडेअकरा ठरली असेल, तर माथा दोन वळणांवर दिसत असला तरी साडेअकराला सायकल वळवायची.